माझा तो पाच

दुकानाच्या मॅनेजर सरांनी माझी पर्स बिलिंग काउंटरवर उपडी केली. गिऱ्हाइकांच्या देखत. डबा, कंगवा, बसचं तिकीट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅड. कागद सुटला. कुणी मान फिरवली, कुणी नाही.

एक ओढणी सापडत नव्हती. ओढण्यांच्या विभागात आम्ही तिघी कामाला होतो. दोघींच्या पर्स सरांनी मागे स्टोअररूममध्ये नुसत्या उघडून पाहिल्या. माझी तेवढी बाहेर, सगळ्यांसमोर. मी शहराबाहेरच्या तिलवाऱ्याहून येते, आई लोकांकडे पोळ्या करते, हे त्यांना ठाऊक होतं.

अर्ध्या तासाने ओढणी ट्रायल रूममध्ये दारामागे सापडली. सर म्हणाले, "चलो, काम पे लगो." बस, एवढंच. मी पॅड पर्समध्ये कोंबलं आणि पुढच्या बाईला "आइए दीदी" म्हटलं. हसून. आम्हाला तेच शिकवलंय.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसचा फॉर्म आला. तुमचे मॅनेजर किती न्यायाने वागतात, एक ते पाच. नाव गुप्त राहील, असं वर लिहिलेलं. पण फॉर्म भरायचा सरांच्याच टॅबवर, आपला कर्मचारी नंबर टाकून, आणि सर खांद्याशी उभे. "सबका पाँच जाना है." मी पाच दाबला. माझ्याच बोटाने. घरी आई म्हणाली, "बरं केलं. त्याईच्याशी काहून वैर घ्यायचं?" मला रडू आलं नाही. स्वतःची शिसारी आली.

सरांना न्यायी नेतृत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. फ्रेम करून त्याच काउंटरच्या वर टांगलं. वर्षभर त्याच्याखाली मी कपड्यांच्या घड्या घातल्या. त्यात माझाही पाच आहे, हे रोज आठवायचं.

काल पुन्हा फॉर्म आला. सर पुन्हा खांद्याशी. मी एक दाबला. खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'दुपट्टा ट्रायल रूम में मिला था.'

"ये क्या है? मिटाओ."

"नहीं सर," म्हटलं आणि फॉर्म पाठवून दिला.

आज निरोप आलाय, कामावर येऊ नको. आई तशीच पोळ्या करायला निघून गेली. दुसरं काम कुठे मिळेल, दाद कुणाकडे मागायची, मला काही कळत नाही. पण उद्या मी जाणार आहे, दुकान भरलेलं असेल तेव्हा. जिथे माझी पर्स उपडी केली, तिथेच उभी राहून ओढणी कुठे सापडली ते गिऱ्हाइकांच्या देखत सांगणार आहे. आणि भिंतीवरचा माझा तो पाच परत मागणार आहे.