कानाने लावलेले टायमिंग

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, बालीगंज स्टेशनजवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर, माझ्या वडिलांच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले नाही. गाडीत आम्ही दोघेच होतो. ते चालवत होते.

गाडी ब्रिटिश बनावटीची, दोन आसनांची, वयाने माझ्यापेक्षा मोठी. वडील बँकेत अधिकारी होते. बदलीवर पुण्याहून कोलकात्याला आले तेव्हा चहाच्या कंपनीतला एक व्यवस्थापक शहर सोडून चालला होता; त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. परत का नाही आलात, असे विचारणाऱ्या नातेवाइकांना आई गॅरेजकडे बोट दाखवत असे.

इंजिनाचे सिलिंडर झिजले की ते आतून कापून रुंद करतात आणि मोठे पिस्टन बसवतात. शेवटचे हे काम झाले तेव्हा वर्कशॉपने स्पष्ट सांगितले होते, की आता कापण्याजोगे लोखंड उरलेले नाही आणि सिलिंडर ज्यात कोरलेले असतात त्या ब्लॉकला जुना तडा असल्याने आत नवी नळी, म्हणजे स्लीव्हही बसणार नाही. यापुढे आत काही बिघडले तर इंजिन संपले. तेव्हापासून वडील गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

टायमिंग ते कानाने लावत. सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडावी, हे डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ठरवता येते. ठिणगी थोडी लवकर पडली तर गाडीला जोर येतो. फार लवकर पडली तर इंजिन आतून ठोकू लागते, तापते, आणि अखेर पिस्टन वितळतो. ठोकण्याचा आवाज बारीक असतो, धातूचा, आणि तो चढावर, वरच्या गिअरमध्ये, पाय दाबल्यावर येतो. वडिलांची पद्धत अशी होती: हा आवाज येईपर्यंत ठिणगी पुढे, म्हणजे लवकर, न्यायची, आला की केसभर मागे घ्यायची. कोलकाता सपाट आहे. चढ हवा असेल तर उड्डाणपूल गाठावा लागतो. रविवारी सकाळी रहदारी कमी असते, म्हणून रविवार.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी लांबलचक रजा घेऊन दिल्लीहून घरी आले, तेव्हा हे काम दुर्गापूजेपासून चालू होते. दर रविवारी ते डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवत, पुलावर जाऊन येत आणि म्हणत, "अजून आवाज नाही. अजून वाव आहे."

पहिल्याच रविवारी मी शेजारी बसले. चढ सुरू होताच मला तो ऐकू आला. स्टीलच्या डब्यात खिळे हलवावेत तसा.

"बाबा, ठोकतंय."

"काय?"

"इंजिन. ठोकतंय!"

"काहीतरीच. बघ कशी ओढतेय."

गाडी खरोखरच जोरात ओढत होती. इंजिनाची घरघर त्यांना पूर्ण ऐकू येत होती.

घरी मी हे आईला सांगितले. तिला नवल वाटले नाही. "कुकरच्या शिट्ट्या येत नाहीत त्यांना ऐकू. दारावरची बेल येत नाही. माझं तर लग्नापासूनच येत नाही."

"तुझं येतं," वडील म्हणाले. "दोन खोल्या पलीकडून येतं."

मी एका ओळखीच्याकडून टायमिंगचा दिवा आणला. तो पुलीवरच्या खुणेवर धरला की ठिणगी केव्हा पडते ते दिसते. ती कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या बरीच पुढे होती.

"तो आकडा त्या काळच्या पेट्रोलचा आहे," वडील म्हणाले. "आता मिळतं ते वेगळं. खुणेवर जाऊन चालत नाही. कानच लागतात."

हे म्हणणे बरोबर होते.

"मग माझ्या कानांनी लावा. कुठे थांबायचं ते मी सांगते."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "आणि तू दिल्लीला गेलीस की? फोनवर ऐकवू का इंजिन?"

पुढच्या रविवारी त्यांनी डिस्ट्रिब्यूटर आणखी थोडा पुढे फिरवला. मी नको म्हटले. चढाच्या मध्यावर खिळ्यांचा आवाज एकदम वाढला, मग एक जाड ठोका बसला, मागून निळसर धूर निघाला आणि गाडी थांबली. मागच्या मिनीबसच्या दारात लटकलेला कंडक्टर ओरडला, "दादू, एबार बेचे दिन!" आजोबा, आता विकून टाका. बसमधले लोक हसले. दोघे जण उतरले आणि त्यांनी गाडी कडेला लावून दिली.

वडील स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"केव्हापासून येत होता?"

"मी बसले त्या पहिल्या रविवारपासून."

"किणकिण?"

"किणकिण."

"मला फक्त गाडी छान चाललेली ऐकू येत होती," ते म्हणाले.

इंजिन उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनला भोक आढळले. त्याच सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे होते. वर्कशॉपने पूर्वी सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. दुसऱ्या ब्लॉकचा शोध घेतला. जो एक मिळाला तो चिरलेला होता. जानेवारीत सॉल्ट लेकच्या एका दवाखान्यात वडिलांच्या कानांची तपासणी झाली. खालचे स्वर बऱ्यापैकी शाबूत होते. वरचे दोन्ही कानांत गेलेले होते. यंत्राने बोलणे समजायला मदत होईल, गेलेले स्वर परत येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. वडिलांनी यंत्र घेतले नाही.

गाडीच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपली. नूतनीकरणासाठी अर्ज केलेला नाही.