एकरी किती?

दर्यापूरला खत-बियाण्यांचं कृषी केंद्र चालवता चालवता पंजाबरावांच्या जिभेवर एकच प्रश्न बसला होता : "एकरी किती?" म्हणजे एका एकराला किती टाकायचं. देवळात अंगारा हातावर पडला तरी हेच विचारायचे!

२०१४ साली पाऊस रुसला. माल उठेना, दुकान टिकतं की नाही असा घोर लागला. अशात एक गोडबोल्या पोरगा पांढऱ्या भुकटीच्या पुड्या घेऊन आला. वर छापलेलं : 'झाडांचं खत, खाऊ नये.'

"काका, हे मेफेड्रोन. कॉलेजची पोरं नशेसाठी घेतात. कायद्यात बंदी नाही, वर खताचं नाव. नफाच नफा!"

पंजाबरावांनी पुडी उलटसुलट पाहिली. दुकानामागच्या घरात त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी गजानन महाराजांचा धावा सुरू केला की यजमानांना सुबुद्धी दे. पण सवय कुठं जाते?

"एकरी किती?"

पोरगा पुडीवर आकडा शोधू लागला.

"खत हाये, तं कृषी खात्याचा परवाना दाखव. बिनपरवान्याचं खत ठेवलं तं माह्या दुकानाले कुलूप लागते, बाबू!"

नशेच्या कायद्यातून सुटलेला पोरगा खताच्या कायद्यात अडकला. पुड्या उचलून पळाला.

पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं त्या भुकटीवर बंदी आणली. पंजाबराव पेपर नाचवत आत आले. "सरकारच्या आधी आपल्या दुकानानं बंदी घातली!"

"घातली बाप्पा," इंदूबाईंनी प्रसादाचा शिरा पुढे केला. "आता याले एकरी किती, इचारू नका. गुपचूप खा."