फूल पडलेला चहा

माझ्या मुलीने लग्नासाठी मुलगा शोधला तो चहा चाखणारा. चाखणारा म्हणजे काय, हे मी तिला फोनवर दोनदा विचारलं. तर म्हणे, पुण्यात एका कंपनीत त्याची तीच नोकरी आहे. सकाळपासून ओळीने मांडलेल्या कपांतला एकेक घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा, थुंकायचा आणि वहीत लिहायचं. मी म्हटलं, "बाई गं, थुंकायचा पगार मिळतो हे आधी सांगायचंस! आपलं अर्धं बोदवड बिनपगारी थुंकतंय." ती हसली नाही. आईवर गेलीय. माझ्या विनोदाला दोघी सारख्याच गप्प बसायच्या.

मी गणिताचा निवृत्त मास्तर, मूळचा बोदवडचा, राहणार जळगाव. चहा म्हणजे दूध, साखर, आलं घालून पातेल्यात तीनदा वर आलेला, ओठाला चिकटणारा. ज्यातून कपाचा तळ दिसतो त्याला आम्ही चहा म्हणत नाही, काढा म्हणतो, तोही ताप आल्यावर.

शिवाय आमच्या घराण्यात चहाचं एक शास्त्र आहे. सोयरीक बघायला गेलं की हो-नाही तोंडाने बोलायचं नाही. कप रिकामा केला तर पसंत. भरलेला ठेवून उठलो तर समोरच्याने समजून घ्यायचं. तोंडावर नाही म्हणणं असभ्यपणाचं, असं आमच्या वाडवडिलांचं मत. कप बघून समोरची पोर आठ दिवस रडली तरी चालेल, पण आमचा सभ्यपणा टिकला पाहिजे.

हे शास्त्र मीही एकदा पाळलंय, तेही चुकून. नरडाण्याला मुलगी बघायला गेलो होतो. चैत्र होता, अंगणात कडुनिंबाखाली बसायला बाजा टाकल्या होत्या आणि निंब नुसता फुलला होता. तिने चहा आणून दिला आणि वरून निंबाचं फूल टपकन माझ्या कपात पडलं. तेव्हा मी स्वतःला फार टापटिपीचा समजायचो. कप खाली ठेवला तो ठेवलाच. मुलगी मला पसंत होती हो, चहात कचरा होता एवढंच! होकाराचा निरोप पोचायला पाच दिवस लागले आणि ते पाच दिवस ती धड जेवली नाही. हे मला लग्नानंतर कळलं, आणि मग जन्मभर दर चैत्रात नव्याने कळत राहिलं. "फूल पडलं त्यात माझा काय दोष?" असं म्हणून मी दरवेळी हसण्यावारी न्यायचो. चुकलं असं एकदाही म्हणालो नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

तर, रविवारी आम्ही मुलाचं मूळ घर बघायला धुळ्याला निघालो. मी, मुलगी, आणि बोदवडहून मुद्दाम आणलेले माझे थोरले भाऊ, म्हणजे नाना. ऐंशीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, आणि नाना उठले की बैठक मोडली असं समजायचं. गाडीत मुलगी एवढंच म्हणाली, "अण्णा, तुम्ही नको म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरं कुणी शोधू नका." खरं सांगतो, माझा राग चहावर नव्हताच. रोज संध्याकाळी ती मला फोन करते, मी इकडे चहा पितो, ती तिकडे पुण्यात पिते. तो फोन आता दुसऱ्या कुणाच्या वाटणीला जाणार म्हणून माझं डोकं फिरलेलं होतं.

मुलाच्या आईने दारातच सांगून टाकलं, "आज तो स्वतःच चहा करणार आहे, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या." बिचारीचा चेहरा असा, जणू पोराने पाहुण्यांसमोर लेझीम खेळायचं ठरवलंय. मग तो ट्रे घेऊन आला. त्यात झाकणाचा एक वाडगा आणि भातुकलीतले वाटावेत असे पाच कप, कान नाही, बशी नाही. नानांनी एक उचलून माझ्याकडे बघितलं. "इतलासा?" म्हणाले.

वाडग्यात त्याने चहाची पानं वळून केलेल्या हिरव्यागार गोळ्या टाकल्या, वाळलेल्या वाटाण्याएवढ्या. हा उलाँग चहा, म्हणाला. मग मला समजावायला लागला, "केळं कापून ठेवलं की काळं पडतं ना, तसं चहाचं पान. पूर्ण काळं पडू दिलं की आपला नेहमीचा चहा. हे फक्त कडेकडेने थोडं पडू दिलं आणि थांबवलं, म्हणून फुलांचा वास राहतो." घ्या! जळगावच्या माणसाला केळं शिकवतोय! पण बोलत होता सावकाश, खाली मान घालून. तेवढं मी बघितलं.

त्याने गरम पाणी ओतलं. जरा थांबला, आणि तो सगळा पहिला चहा आमच्या डोळ्यांदेखत एका भांड्यात फेकून दिला.

नाना उठले. काठी हातात, टोपी नीट. "पयला च्या पाहुणासना म्होरे फेकी दिन्हा! चाला, उठा. आपलं आठे काम नही."

मी तर वाटच बघत होतो. माझ्या शास्त्रात पाहुण्याने चहा ठेवून द्यायचा असतो, इथे यजमानानेच ओतून टाकला, म्हणजे आम्हालाच नकार! मीही अर्धा उठलो. मुलीचा चेहरा पांढरा पडला. मुलाची आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. तो पोरगा मात्र पटकन म्हणाला, "नाना, तो चहा नव्हता. पानांची आंघोळ होती. पारोशाने पाहुण्यांसमोर कसं यायचं?"

नाना थांबले. पहाटे आंघोळ केल्याशिवाय ज्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा थेंब घेतला नाही, ते नाना विचारात पडले. "मंग बराबर शे," म्हणाले आणि बसले. मलाही बसावं लागलं. एवढी चांगली मोडलेली बैठक पोराने एका वाक्यात सांधली, याचाही मला राग आला.

मग खरा चहा आला, फिकट पिवळा. बशी नसल्यामुळे नानांपुढे मोठाच पेच. त्यांनी कप डाव्या हातात धरला, उजव्या तळहाताचा खळगा केला, तीर्थासारखा चहा घेतला, फुर्र करून प्याले आणि ओला हात टोपी उचलून डोक्यावरून फिरवला. मुलगा हसला नाही की चकित झाला नाही, त्याने दुसऱ्यांदा ओतला. नानांनी दुसरं तीर्थ घेतलं, तिसरं घेतलं. तीच पानं, नवं पाणी. मी म्हटलं, "काटकसर छान आहे. एकाच चिमटीत वरातसुद्धा निघेल." कुणी हसलं नाही. नाना हाताचा वास घेत बसले होते.

"वास ते येस भो," ते मला म्हणाले. "निंबना फुलेसना."

मी म्हटलं, नाना, तुमचं नाक म्हातारं झालं. इथे कुठला निंब! मोगरा म्हणतात, चाफा म्हणतात, पुण्याचे लोक काय वाट्टेल ते म्हणतात. मी बोलतच राहिलो. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. शेवटी आपल्यापुरतं आटपून नाना म्हणाले, "मनं झायं. बाप तू शे, आते तू बोल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे म्हणजे माझ्यापुढच्या कपाकडे. एवढा वेळ चेष्टा करण्याच्या नादात मी त्याला हातच लावला नव्हता. भरलेला, थंड, जागच्या जागी. ठेवून द्यावा असं मी ठरवलंही नव्हतं आणि प्यावा असंही नव्हतं. मुलाची आई त्या कपाकडे बघून हळूहळू खाली बसली. तीही खान्देशातलीच. कप काय बोलतो हे तिला सांगावं लागत नव्हतं.

माझी मुलगी दारात न प्यालेला कप धरून उभी होती, ती पुढे आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, कपात वाकून नीट बघितलं आणि अगदी हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "अण्णा, यात फूल पडलेलं नाही. प्या."

तिच्या आईने तिला सांगितलेलं होतं तर.

मी कप उचलला. नाना खरं बोलत होते, निंबाच्या फुलांचाच वास होता, अंगणातल्या बाजेवर बसल्यावर येतो तसा. माझ्या तोंडात एकही विनोद आला नाही. मी थंड चहा एका घोटात संपवला, रिकामा कप त्या पोरापुढे धरला आणि म्हटलं, "अजून दे. आणि हिला आधी दे, हिचाही गार झालाय."