कुंभिवलीचा सर्व्हिस

कुंभिवलीला महामार्गालगतच्या दुरुस्तीच्या टपरीवर त्याने जी पाटी लावली होती, तिच्यावर एकच शब्द होता : सर्व्हिस. कशाची, कोणाला, किती वाजेपर्यंत, याचा कोणताही खुलासा नाही. अशी संदिग्ध पाटी ही ग्राहकाची उघड दिशाभूल आहे, असे मी त्याला पहिल्याच दिवशी सुनावले. त्याने माझ्या स्कूटरखालून डोके बाहेर काढले. "आप्पा, गाडी लिवलं तर मिक्सरवालं येत नाय. मिक्सर लिवलं तर गाडीवालं येत नाय. आदी बसा." सगळे त्याला सर्व्हिस याच नावाने हाक मारीत, पुढे मीही मारू लागलो.

त्या पाटीचे परिणाम मी स्वतः पाहिले आहेत. एकदा कळंबहून एक गृहस्थ मुलीची गुणपत्रिका घेऊन आले. आपल्याकडे नोकरीलाही सर्व्हिसच म्हणतात. तेव्हा येथे नोकरी लावून देत असणार, असा त्यांचा प्रामाणिक समज. माझा रक्तदाब वाढला. सर्व्हिसने मात्र हात पुसले, गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, "गणितात बरी हाय पोरगी," म्हणाला आणि साजगावच्या कारखान्यातल्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. मुलगी महिन्याभरात कामाला लागली. पाटी बेकायदेशीर होती, हे माझे मत तरीही कायम आहे.

मी दिवाणी न्यायालयात कारकुनी केली असल्याने तोंडी तक्रारीवर माझा विश्वास नाही. ब्रेक करकरला, की विषय, संदर्भ आणि क्रमवार मुद्दे असे पत्र मी दोन प्रतींत लिहून नेई. सर्व्हिस ते बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवी. 'सदर इसमाने माझ्या स्कूटरचा छळ केला आहे,' या वाक्याशी तो थांबे आणि सगळ्यांकडे असा पाही, की जणू त्याचा सत्कारच चालू आहे. मग निकाल देई : "एक बराबर. दोन बराबर. तीन खोटं, आरसा तुमीच फोडलाय." त्यानंतर माझ्या प्रतीवर पोच म्हणून 'मिळालं', तारीख, सही आणि ग्रीसचा अंगठा.

एकदा क्लच-वायर तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा मी थेट शब्दकोशच घेऊन गेलो. सर्व्हिस हा शब्द मूळ लॅटिनमधील 'गुलाम' या अर्थाच्या शब्दापासून आला, हे त्याला एकदाचे कळावे, एवढाच हेतू. वाचत गेलो आणि घसरलो. चर्चमधली प्रार्थना ती सर्व्हिस, सैन्यातली चाकरी ती सर्व्हिस, टेनिसमधला पहिला फटका, कपबशांचा संच, नोटीस बजावणे, सगळी सर्व्हिसच. गाय वळूकडे नेतात त्यालाही हाच शब्द, हे वाचले आणि बाकडे हसून हलू लागले.

"साहेबाकडं शब्द कमी हाय काय, आप्पा?"

"विषयांतर नको. मूळ अर्थ गुलाम. समजले?"

"समजलं. पर गुलामाला पत्र कोन लिवतं? तुमी तर मला 'महोदय' लिवता."

पुढच्या पत्रातही मी महोदयच लिहिले.

मग सर्व्हिस रोड रुंद करायचे ठरले आणि टपऱ्यांना नोटिसा आल्या. जुन्या व्यावसायिकांना साजगावात गाळा मिळणार होता. सर्व्हिसच्या नोटिशीवर मात्र शेरा होता, की टपरी गेल्याच वर्षीची. पुरावा त्याच्याकडे शून्य : वीज शेजारच्या हॉटेलातून घेतलेली, जागेचा करार तोंडी. त्या दिवशी तो मला 'बसा' म्हणायला विसरला. "आप्पा, हे गेलं तर या वयात मी कोनाच्या हाताखाली ऱ्हाऊ?"

मी घरी जाऊन फाइल काढली. अकरा वर्षे, सदतीस पत्रे, प्रत्येकावर तारीख आणि अंगठा. कोणत्याही न्यायालयात टिकेल असा पुरावा मी निव्वळ रागापोटी तयार करून ठेवला होता.

सुनावणीला अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी चार-पाच पत्रे वाचली, फाइल तोंडासमोर धरली आणि बऱ्याच वेळाने खाली घेतली.

"आजोबा, एवढा छळ होऊनही अकरा वर्षं तुम्ही यांच्याकडेच का जात होतात?"

हा प्रश्न विषयाला सोडून आहे, असे मी नमूद केले.

"तेवढं प्रतिज्ञापत्रात लिहून द्या. नाहीतर ही पत्रं खरी कशी मानायची?"

मी व्हरांड्यात बाकावर बसलो. मंत्र्यांपासून ग्रामसेवकापर्यंत मी आयुष्यभर सर्वांना पत्रे लिहिली आहेत. शपथेवर खोटे लिहिता येत नाही. मी लिहिले : 'कारण माझे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा दुसरा इसम मला आजवर आढळलेला नाही.'

सर्व्हिसने सवयीने कागद ओढून घेतला. या खेपेस मोठ्याने वाचला नाही. "अक्षर हललंय तुमचं," एवढेच म्हणाला.

गाळा मिळाला. तो साजगावला गेला, टपरीच्या जागेवरून आता ट्रक धावतात, आणि माझी नजर अधू झाल्याने गेल्या महिन्यात मुलाने स्कूटर विकून टाकली. हे त्याला कळवायला हवे, म्हणून पत्र लिहायला घेतले आहे. विषय लिहून झाला, महोदय लिहून झाले. पुढे तक्रार एकही सापडत नाही, आणि तक्रारीवाचून पत्र कसे लिहितात, हे मला कोणी शिकवलेले नाही.