आण्णांच्या नावाचा पाथ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमचाही नसेल, तर मी तुमची समजूत घालायला बसलेले नाही. जे झालं ते लिहिते.

मी सोलापुरात राहते, घरूनच मॅकसाठी ॲप्स बनवते. माझे वडील, आण्णा, सांगोल्याकडे शेळ्या राखायचे. गुडघ्याच्या उपचारांसाठी ते दोन महिने माझ्याकडे होते, तेव्हा मी त्यांना माझ्या लॅपटॉपवर anna नावाचं वेगळं अकाउंट करून दिलं होतं. ते वारल्यावर, त्यात काय असणार, असं म्हणून मी ते फाइल्ससकट डिलीट केलं. उघडूनही पाहिलं नाही.

मग आई माझ्याकडे राहायला आली. एक दिवस लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "बाय, ह्यात तुझ्या आण्णांनी शेळ्यांस्नी हाका मारून ठेवल्यात की. ऐकीव जरा."

"सापडत नाही गं," एवढंच बोलले. तिनं पुन्हा विचारलं नाही... तेच जास्त लागलं.

आठवड्यानं, भर दुपारी, मी स्विफ्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत बॅकअपचं एक छोटं टूल लिहीत होते. युजरच्या होम डिरेक्टरीचा पाथ, म्हणजे त्याच्या मुख्य फोल्डरचा पत्ता, विचारणारी एक साधी ओळ. रन केली. माझ्या नावाचा पाथ यायला हवा होता. आला —

/Users/anna

पुन्हा रन केलं. तेच. कोडमध्ये ते नाव कुठंच नव्हतं. पाथ कॉपी करून फाइंडरमध्ये टाकला, आणि फोल्डर उघडलं. आत एकच ऑडिओ फाइल. ती आधी डेस्कटॉपवर कॉपी केली, मग आईला हाक मारली.

"ये गं चांदे... ये, ये... काळे, तितं कुटं चाललीस?" आण्णाच! मध्ये दोनदा खोकले.

आई पदरानं स्क्रीन पुसत हसली, कितीतरी महिन्यांनी. "खोकला तवापास्नंच हुता बग. डाक्टरला सांगत न्हवते."

संध्याकाळी तीच ओळ रन केली, तर माझं नाव. ते फोल्डरही नाही. याच कामातल्या एका मित्राला दाखवलं. त्यानं सगळं तपासलं; कोडमध्ये चूक नव्हती. कॉपी मात्र अजून आहे.

त्या रात्री जेवताना मी आईला खरं सांगून टाकलं... अकाउंट मीच डिलीट केलं होतं.

"ठावं हाय मला," ती माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली. "म्हनून तर पुन्यांदा इचारलं न्हाय."