डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा

जोतीराम मूळचा कडेगावकडचा. त्या मुलखात घरटी एक माणूस पलटणीत, हा पठ्ठ्या मात्र नेव्हीत गेला. पंधरा वर्षं जहाजावर काढून परत आला आणि कोयनेच्या जलाशयावर आप्पासोंच्या लाँचवर चालक म्हणून लागला. धरणाच्या पाण्यानं रस्ते गिळल्यापासून काठच्या गावांना लाँचशिवाय गती नव्हती. मी पलीकडच्या वाडीत मास्तर. राहायला अलीकडच्या काठाला आप्पासोंच्याच माडीवर, आणि तेही फुकट.

आप्पासोंच्या लाँच दोन. एक जोतीराम चालवायचा, दुसरी केरबा. अंधार पडला तरी दोन्ही बिनदिव्याच्या धावायच्या. जोतीरामला ते बघवेना. सांगलीला जाऊन त्यानं लाल-हिरव्या काचांचे कंदील करून आणले आणि दोन्ही लाँचना आकडे ठोकून टांगले.

"लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या, मागं पांढरा. समद्या जगात ह्योच कायदा हाय," तो म्हणाला.

"हितं कुठली जहाजं यायची हायती रं गड्या?" आप्पासो हसले.

"जहाजं न्हाईत मालक, पर माणसं हायती न्हवं? अंधारात लाँच दिसत न्हाई, दिवा दिसतो. उजव्या हाताला लाल दिसला की समजायचं, तिचं डावं अंग आपल्याकडं हाय, ती आपल्याला आडवी यायला लागलीया. आपुन थांबायचं. हिरवा दिसला तर ती लांब चाललीया."

लोकांनी त्याचं नाव 'सिग्नल' पाडलं. मीही हसलो. एक माणूस आपल्या सगळ्यांचा जीव वाचवायला धडपडतोय आणि आपण दात काढतोय, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. तो मात्र रोज काचा पुसायचा, वाती कापायचा आणि भेटेल त्याला तो कायदा ऐकवायचा. मला तर शंभरदा ऐकवला असेल.

चौऱ्याहत्तर साली दसऱ्यासाठी तो गावी गेला. त्याची लाँच पलीकडच्या काठाला बांधलेली होती. अलीकडच्या काठाला खंडेनवमीला केरबाची लाँच धुतली, कंदील उतरवून घासले, झेंडूच्या माळा घातल्या. कंदील परत टांगताना आप्पासोंच्या आई, रंगुबाई, पुढं झाल्या.

"आरं, तांबडा कुंकवाचा रंग. त्यो उजव्या हाताला लावा."

केरबानं लावला. लाल उजवीकडं, हिरवा डावीकडं. चूक मला तिथंच कळली. पण भर पूजेत म्हातारीला कोण दुखवणार, आणि तेही तिच्याच घरात राहून? मी पेढा खाल्ला आणि माडीवर जाऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी जोतीराम दुसऱ्या वाटेनं थेट पलीकडच्या काठाला आला आणि संध्याकाळची फेरी घेऊन निघाला. शाळा सुटल्यावर मीही त्याच लाँचमध्ये बसलो. दिवस बुडाला होता. उजवीकडं हिरवा दिवा दिसला.

"केरबा लांब चाललाय," जोतीराम म्हणाला आणि वेग तसाच ठेवला.

मी शेजारच्याशी बदलीच्या गप्पा मारत होतो. मान वळवून बघितलंच नाही. केरबा आपला निवांत येत होता. दिवा बघून जोतीराम थांबतो, एवढंच त्याला ठाऊक.

दणका बसला. केरबाच्या लाँचमधली मनुबाई पाण्यात फेकली गेली. माहेराहून दसरा करून परत येत होती बिचारी. जोतीरामनं कपड्यांनिशी उडी टाकली, पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. ती सकाळी सापडली.

रात्री केरबानं रडत रडत जोतीरामला पूजेची हकिकत सांगितली. पण सकाळी चौकशीला साहेब आले तेव्हा केरबाच्या लाँचवर लाल डावीकडं होता आणि हिरवा उजवीकडं. आप्पासोंनी पहाटेच दिवे बदलून घेतले होते. केरबा मालकासमोर मुका झाला.

"साहेब, मला हिरवा दिसला," जोतीराम म्हणाला.

"त्या बाजूला तर लाल आहे."

"गावाकडनं पिऊन आला असंल," आप्पासो म्हणाले. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाबद्दल असं म्हणाले!

जोतीरामनं माझ्याकडं हात केला. "गुरुजी व्हते पूजेला. त्यास्नी इचारा."

साहेबांनी विचारलं. आप्पासो माझ्याकडं बघत होते. मला माझी माडी दिसत होती, तिच्या खिडकीतून येणारा वारा आठवत होता. त्या क्षणी मला माझीच किळस आली. तरी मी बोललो ते हेच.

"लक्षात नाही, साहेब."

जोतीरामचं लायसन गेलं, नोकरी गेली. मनुबाईला यानं मारलं, असं काठावरची पोरंही म्हणू लागली. चार दिवसांनी ट्रंक घेऊन तो एस.टी.ला निघाला, तेव्हा मी मुद्दाम आडोशाला उभा होतो. त्यानं मला गाठलंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुरुजी," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पैलीच्या पोरास्नी रंग तुमीच शिकिवता न्हवं?"

"हो," मी म्हणालो.