लोखंडाचा शिंपी

कारखान्यात त्याला सगळे शिंपी म्हणत. सुईदोऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. तो वेल्डर होता. पण त्याने दोन पत्रे जोडले की जोडावर माशाच्या अंगावर असतात तसे एकसारखे खवले उठायचे. ते बघून कोणीतरी एकदा म्हणालं, हा जोडत नाही, शिवतो. नाव चिकटलं ते चिकटलंच.

ते खवले आपोआप येत नाहीत. वितळत जाणारा वेल्डिंगचा रॉड नुसता सरळ ओढला तर धातू मधे साचतो आणि कडा उपाशी राहतात. हात पुढे सरकताना किंचित डुलवावा लागतो, या काठावरून त्या काठावर, आणि प्रत्येक काठावर जरासं थबकावं लागतं. हे शिकताना त्याने जिवाचं रान केलं होतं. मग ते अंगवळणी पडलं. तो पलीकडच्या माणसाशी गप्पा मारत असला तरी हात आपला डुलत असायचा.

पुढे त्याच हाताला कंप सुटला. रॉड पत्र्याला चिकटू लागला. कोणी सांगायची वाट न पाहता त्याने काम सोडलं. कच्चं काम करून पगार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

घरी बायको कप अर्धाच भरू लागली.

"पूर्ण भर की."

"भरते. पण चहा तुम्ही पिणार की तुमचा सदरा?"

ती हसायची, तोही हसायचा. पण रस्त्यात कुठे ठिणग्या उडताना दिसल्या की त्याचे पाय अडायचे. विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या लोकांनी कंप आवरणारा पट्टा बनवला आहे, तो घालून बघायला माणसं हवी आहेत, ही बातमी बायकोनेच आणली. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तिला वाटलं, नीट जेवता यावं म्हणून नवरा तयार झाला.

प्रयोगशाळेतली संशोधक त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने मनगटावर पट्टा बांधला. "काका, हात थरथरला की यातली मोटर एक वजन उलट बाजूला ढकलते. हात इकडे, तर वजन तिकडे. कुस्ती बरोबरीत सुटते."

वाटीत पाणी होतं. चमचा भरला, उचलला, ओठांपर्यंत आला. थेंब सांडला नाही. बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि नाक पुसत म्हणाली, "चला, माझं धुणं कमी झालं."

त्याने चमचा खाली ठेवला. "आता वेल्डिंग करून बघू?"

"काका, हे जेवायला, बटण लावायला, सही करायला बनवलंय."

"ते झालं की. आता कामाचं बघू."

ती हसली. तो हसत नाही हे पाहून थांबली. मग पट्ट्यावर जाड चामड्याचं वेष्टण बांधून ती दोघा नवरा-बायकोला खालच्या कार्यशाळेत घेऊन गेली.

तिथल्या कामगाराने मुखवटा दिला, लोखंडाच्या दोन पट्ट्या मांडून दिल्या. रॉडच्या पहिल्याच टिचकीला ठिणगी धरली. रॉड चिकटला नाही. तळण तडतडावं तसा आवाज सुरू झाला. हा आवाज तो झोपेतसुद्धा ऐकायचा.

हात डुलायला निघाला. पट्ट्याने अडवला. जोरात नाही, रस्ता ओलांडताना मोठं माणूस पोराचं मनगट धरतं तसा. त्याने पुन्हा ओढला, पट्ट्याने पुन्हा परत आणला. शेवटी जोडावर जमलेली मळीची खपली झाडली, तेव्हा खाली एक बारीक, सरळ रेघ होती. कडा उपाशी.

संशोधक सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावरच्या नागमोडी रेषा बघत होती. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "तुमचा कंप आणि तुमचं डुलणं, दोन्हींचा वेग जवळपास एकच आहे. पट्ट्याला फरक कळत नाही, तो दोन्ही दाबतो. आम्ही सगळ्यांना चमच्यावर तपासलं. चमचा कोण डुलवतंय? तुम्ही फार सावकाश डुलवलात तर मात्र तो सोडेल."

त्याने सावकाश डुलवला. पट्ट्याने सोडलं. जोड गार झाल्यावर कामगाराने तो शेगड्याच्या पकडीत आवळून घणाने वाकवला. पट्टी वाकली, जोड हलला नाही.

"पक्का!" कामगार म्हणाला. संशोधक मुलीने टाळीच वाजवली.

शिंप्याने जोडावरून अंगठा फिरवला. ढेकळं, मोठी मोठी. "पक्का आहे," तो म्हणाला. "नवीन शिकणारा असाच घालतो. वाईट नाही."

"अजून एक करूया?"

"नको." त्याने पट्टा सोडवून तिच्या हातात दिला. हात लगेच थरथरू लागला. "तो फरक ओळखायला याला शिकवता येईल?"

"प्रयत्न करते. पण जमेलच असं सांगून तुम्हाला फसवणार नाही."

"बरं केलंस." तो जरा घुटमळला. "मघाशी पहिल्या जोडात मी डुलवलं, ते याने दाबलं. म्हणजे गेलंच ते?"

"नाही. दाबण्याआधी तो मोजतो. हे बघा, इथे आहे."

तो पडद्याजवळ आला. रेषा बारीक होती, वर-खाली, वर-खाली. त्याने तिच्यावर बोट ठेवलं. बोट रेषेवरून घसरत होतं.

"यातलं माझं कुठलं आणि आजाराचं कुठलं?"

"तेच अजून मला वेगळं काढता येत नाही, काका."

कामगाराने दिवे मालवायला घेतले. बायकोने पिशवी उचलली. शिंपी तसाच वाकून रेषा बघत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून.